लिनिया 1.3 मल्टिजेट: तीन नंबरची गळती, आणि तळाशी दडलेला जुना वॉशर

मागच्या नोंदीत फियाट लिनिया डिझेलच्या तीन नंबरच्या सिलिंडरचं काम संपल्याचं लिहिलं होतं: इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून त्याच्या बुडाशी नवा वॉशर टाकला होता. ते मागे घ्यावं लागतंय. जेमतेम 40 किलोमीटर झाले आणि थंड इंजिनवर तीच फसफस पुन्हा सुरू. केबिनमध्ये जळक्या धुराचा वास, इंजेक्टरच्या बुडाशी ओलसर काळं डांबर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाबाखालचा गॅस) वॉशरखालून बाहेर येतंय, यात शंका नव्हती. नवा वॉशर टाकूनही का येतंय, हा प्रश्न होता.

आधी लीक-ऑफ पाहिलं, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून न फवारता परत येणारं डिझेल. इंजिन गरम, आयडलिंग 3 मिनिटं, चार नळ्या, चार बाटल्या. चारही बाटल्यांत 22 ते 25 मिली. एखादीत दुप्पट-तिप्पट डिझेल जमलं असतं तर तो इंजेक्टर आतून झिजला, असं धरता आलं असतं. इथे तसं काही नाही. पण स्कॅनरवर तीन नंबरचं करेक्शन (डिझेलच्या मात्रेतली दुरुस्ती) +2.6, बाकी तिघांचं 0.7 च्या आत. म्हणजे तो सिलिंडर कमी ताकद देतोय आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) त्याला जास्त डिझेल पाजतोय.

चारही इंजेक्टर बेंचवर (तपासणी यंत्रावर) पाठवायचं ठरलंच होतं. त्याऐवजी एक आणि तीनची अदलाबदल केली. दोन्हीकडे नवे वॉशर, आणि इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेले त्यांचे कोडही ईसीयूमध्ये अदलाबदल करून भरले. (कोड विसरलात तर ही चाचणी निरर्थक.) +2.6 तीन नंबरवरच राहिलं. इंजेक्टर निर्दोष, दुखणं हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात). बेंचचा खर्च तिथेच वाचला.

तीन नंबर पुन्हा काढला आणि व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने भोकाची खोली मोजली. मग एकेक करून एक, दोन आणि चारची. त्या तिघांची खोली सारखी, तीनची मात्र 1.5 मिमीने कमी. दीड मिमी म्हणजे बरोबर एका वॉशरची जाडी! ब्रेक क्लीनर मारून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर काजळीच्या कडेला बारीक लालसर चमक दिसली. आधीच्या कोणत्या तरी कामातला तांब्याचा वॉशर सीटला (हेडमधल्या वॉशरच्या बैठकीला) चिकटून बसला होता आणि नवा त्याच्यावर बसत होता. मागच्या वेळी पितळी ब्रशने घासताना खाली हेडचा धातू लागतोय की तांबं, हे काजळीत कळलंच नव्हतं. चढावर येणारा काळा धूरही यातलाच असणार: नोझल 1.5 मिमी वर राहिलं की फवारा पिस्टनच्या खळग्यात हवा तिथे पडत नाही.

वॉशर काढायला एम8 चा निमुळता टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरला. टॅपला भरपूर ग्रीस लावायचं, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. पिस्टन आधी खाली घ्यायचा. दोन वेढे धरले की थांबायचं, कारण खाली हेडचं भोक आहे आणि टॅप तिथे घुसला तर मोठं नुकसान. मग न फिरवता सरळ वर ओढायचा. वॉशर अख्खा आला. एका बाजूला गॅसने कोरलेली वाट नखाला लागत होती.

आता सीट कटर, म्हणजे ती बैठक सपाट करायचं हत्यार. पायलट (कटरला सरळ धरणारा दांडा) भोकात घट्ट नसेल तर कटर तिरका चालतो, आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये नेमकं तेच होतं. यात पैसे वाचवू नका. नोझलच्या भोकात ग्रीस लावलेला बोळा, त्याला बाहेर येईल इतका दोरा. हाताने, हलक्या दाबाने चार फेरे. खुणेचा निळा रंग लावून पाहिलं तर वर्तुळ दोन तृतीयांशच उमटलं. आणखी तीन फेरे, आणि पूर्ण, एकसंध वर्तुळ! ते पाहताना झालेला आनंद इथल्या मंडळींना वेगळा सांगायला नको. खोली फक्त 0.1 मिमी वाढली, म्हणजे वॉशरची जाडी बदलायची गरज नाही.

वॉशर पुण्याच्या नाना पेठेत सुटे मिळतात, पण मायक्रोमीटर घेऊनच जा. एकाच पाकिटात जाडी कमी-जास्त निघते. जुना वॉशर लाल तापवून पुन्हा वापरण्याच्या मी विरोधात आहे. सिरॅमिक पेस्ट फक्त इंजेक्टरच्या अंगाला, वॉशरला आणि सीटला अजिबात नाही. क्लॅम्पचा बोल्ट नवा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, आणि रेलचे (दाबाखालचं डिझेल साठवणाऱ्या नळीचे) पाइप क्लॅम्प आवळल्यावरच घट्ट करायचे. उलटं केलं तर इंजेक्टर तिरका बसतो. काम सुरू करण्याआधी इंजिन बंद करून काही मिनिटं थांबणं बंधनकारक समजा. आयडलिंगलाही रेलमध्ये दोन-तीनशे बार असतात, ती धार कातडीत घुसते.

आता करेक्शन +0.4. साबणाच्या पाण्यावर एकही बुडबुडा नाही. अदलाबदल तशीच ठेवली आहे, कोडही तसेच.

पुढचं काम ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करण्याचं होतं, पण हे लिहितानाच बेत बदलला. आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलतो. कटिंगचा कीस आणि काजळी थोडी तरी आत गेली असणारच. शिवाय चारही भोकांची खोली पक्क्या मार्करने कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवणार आहे. स्विफ्ट, रिट्झ, व्हिस्टावाल्यांनो, 1248 सीसीचं हेच इंजिन तुमच्याकडेही आहे. इंजेक्टर काढलात की ब्रश उचलण्याआधी खोली मोजा. 500 किलोमीटरनंतर पुन्हा साबणाचं पाणी आणि करेक्शनचे आकडे.