मतदानाआधीची यादी : सहावी ते आठवीच्या मुलांना मतदार नोंदणी शिकवताना

शाळेत निवडणूक शिकवायची म्हटलं की आपण थेट मतपेटीपाशी जातो. चिठ्ठ्या, चिन्हं, बोटाला शाई, निकाल, टाळ्या. मी शिक्षिका आहे आणि आमच्या गावाची बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रावरून हिरमुसून परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ओळखपत्र हातात, पण यादीत नाव नाही. त्या दिवशी त्यांच्यासाठी कुणालाच काही करता येत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नवं नाव चढत नाही. मतदान हे शेवटचं पाऊल आहे, त्याआधीचं सगळं यादीत घडतं, आणि तेच आपण मुलांना कधी दाखवत नाही. म्हणून या वेळी मतपेटी शेवटी ठेवायची आणि आधी यादी करायची, असं मी ठरवलं.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक दरवर्षी होतेच. दुसऱ्या सत्राच्या मंत्रिमंडळासाठी सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वतः मतदार यादी तयार करायची आणि २५ जानेवारीला मतदान घ्यायचं, असा बेत हेडसरांपुढे मांडला. निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० ची, आणि २०११ पासून तो दिवस राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळतात, त्यामुळे तारीख सहज पटली. पालकसभेत मात्र एका आजोबांनी स्पष्टच विचारलं, "बाई, पोरांना राजकारण शिकवणार का?" त्यांची काळजी खरी होती. गावात दोन गट आहेत, आणि मुलं घरी जाऊन काय सांगतील याचा नेम नसतो. मी तिथेच नियम सांगितले. कुठल्याही पक्षाचं नाव, चिन्ह, पुढारी वर्गात येणार नाही. गावाची खरी यादीसुद्धा मी वर्गात आणणार नाही, कारण तिच्यात लोकांची वयं आणि घरं असतात आणि कुणाच्या घरचं नाव चुकलंय यावर मुलांनी हसू नये. सरावासाठी लागणारी कुटुंबं मी मनाने रचली.

पहिला तास पात्रतेचा. मतदार कोण, हे मी सांगितलं नाही, मुलांनाच नियम करायला लावले. फळा भराभर भरला. गृहपाठ न करणाऱ्याला मत नको. जो उशिरा येतो त्याला नको. एक मुलगा म्हणाला, ज्याला नीट वाचता येत नाही त्याने मत कशाला द्यायचं, त्याला काय कळतंय? वर्गात वाचनात मागे असलेली मुलं आहेत. त्यांच्यातल्याच एकीने हात वर केला आणि म्हणाली, "मंत्रिमंडळ माझ्यासाठी पण काम करणार ना? मग?" एवढा एकच प्रश्न. मला त्या तासाला दुसरं काही शिकवायची गरज उरली नाही, पण मागची हकीकत मी जोडली. इंग्रजांच्या काळात, १९३५ च्या कायद्याखालीही, मत द्यायला मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या, आणि बहुतेक माणसं त्या अटींच्या बाहेरच राहत. संविधानाने, कलम ३२६ ने, त्या सगळ्या अटी काढून टाकल्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून उमेदवारांना चिन्हं दिली, प्रत्येकाची मतपेटी वेगळी ठेवली. लिहिता-वाचता न येणाऱ्याला बाहेर ठेवलं नाही, त्याला जमेल अशी पद्धत शोधली. मुलांनी फळ्यावरच्या अटी एकेक करून स्वतः पुसल्या. उरल्या दोनच: सहावी ते आठवीच्या पटावर नाव हवं आणि शाळा हीच हवी. खऱ्या यादीतही मुळात एवढंच असतं: भारताचा नागरिक, १८ वर्षं पूर्ण, त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी, आणि कायद्याने अपात्र ठरवलेला नसावा.

वयाची गोष्ट मुलांना फार आवडते, कारण त्यांना मोठं व्हायचं असतं. १८ हे वय आधीपासूनचं नाही, पूर्वी २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते खाली आलं, हे कळल्यावर आपापल्या घरातल्या कोणाला वाट पाहावी लागली असेल याचा हिशोब सुरू झाला. खरी गंमत अर्हता दिनांकाची, म्हणजे ज्या तारखेला १८ पूर्ण असावे लागतात तिची. आधी १ जानेवारी ही एकच तारीख होती. २ जानेवारीला जन्मलेल्याला १८ पूर्ण होऊनही जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि १७ वर्षं पूर्ण झाली की अर्ज आगाऊ भरून ठेवता येतो. प्रत्येकाने आपल्या जन्मतारखेवरून आपण कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेला पात्र होऊ ते वहीत लिहिलं. गणिताच्या तासापेक्षा बरीच जास्त एकाग्रता होती.

मग नोंदणी. नवं नाव नोंदवण्याच्या खऱ्या अर्जावरून, नमुना ६ वरून, मी सोपा अर्ज केला: स्वतःचं पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, राहण्याचा पत्ता, सही. सोबत एक गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्या मोठ्या बायकांची पूर्ण नावं लिहून आणा. "आजी" चालणार नाही, "अमक्याची आई" चालणार नाही. कितीतरी मुलांना आजीचं नाव त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. काहींच्या वहीत दोन नावं होती, माहेरचं एक आणि लग्नानंतर ठेवलेलं दुसरं, आणि ओळखपत्रावर एक तर आधारवर दुसरं. त्यावर मी त्यांना पहिल्या निवडणुकीच्या यादीची हकीकत सांगितली. तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशीच ओळख दिली. आयोगाने तशी नोंद धरली नाही, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली. मुलींना राग आला. तो येऊ दिला. आयोग चुकला की बरोबर, यावर वर्गाचे दोन तट पडले आणि मी निकाल दिला नाही. माझं स्वतःचं मत असं की नाव मागणं बरोबरच होतं. बाईला तिच्या नावाने ओळखणारी ती बहुधा गावातली पहिलीच वही असेल. पण किंमत फार मोठी मोजावी लागली.

अर्ज गोळा झाल्यावर मुलांनी प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी करून व्हरांड्यात लावली आणि दावे-हरकतींसाठी मुदत दिली. या टप्प्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि सगळ्यात जास्त शिकवणंही इथेच झालं. एकाचं आडनाव चुकलं होतं, एकीचं नाव दोनदा आलं होतं. पाचवीतल्या एकाने मोठ्या भावाच्या नादाने अर्ज भरला होता. ही सगळी कामं सोपी. अवघड हरकत आठवीच्या एका मुलाने लेखी दिली: दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावं यादीत आहेत, ती काढावीत, कारण ती शाळेत येत नाहीत.

आमच्याकडे हा कागदावरचा प्रश्न नाही. हंगाम सुरू झाला की बाकं रिकामी होतात. काही मुलं आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर, जातात. हरकत घेणारा मुलगा वाईट नव्हता, नियम वाचून आलेला होता. मी त्यांच्यातलेच तीन "नोंदणी अधिकारी" नेमले आणि सुनावणी ठेवली. मुलांनी दोन्ही बाजू मांडल्या. एक मुलगी म्हणाली, त्यांचं दप्तर आमच्या घरी ठेवलंय, म्हणजे ते परत येणार. मग मी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम २० सोप्या भाषेत वाचून दाखवलं. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही. आणि त्याच कलमात उलटही आहे: नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. तीन अधिकाऱ्यांनी हरकत फेटाळली, कारण लिहून दिलं, सही केली. हरकत घेणाऱ्याने ते वाचलं आणि मान्य केलं.

त्यानंतर प्रश्न थांबेनात. पुण्याला वसतिगृहात शिकणाऱ्या दादाने नाव कुठे घालायचं? घरी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, निवड त्याची, पण एकाच ठिकाणी. लग्न झालेल्या ताईचं? नव्या पत्त्यासाठी नमुना ८. ज्याला घरच नाही, रस्त्यावर झोपतो, त्याचं? त्याचंही होतं. पत्त्याचा कागद मागत नाहीत, बीएलओने रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं असतं. हे ऐकून मुलांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही गेलाय का रात्री?" आमच्या भागात तशी वेळ आलेली नाही, पण आली तर मी जाईन, असं सांगितलं. तुरुंगातल्या माणसाचं? नाव यादीत राहतं, कैदेत असेपर्यंत मत देता येत नाही. आजोबा वारले, त्यांचं नाव अजून आहे, कोणी त्यांच्या नावावर मत दिलं तर? नाव वगळण्यासाठीचा नमुना ७ मी विचारणाऱ्या मुलाच्या हातात दिला आणि घरच्यांना मला भेटायला सांग म्हटलं. खोटी माहिती लिहून दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हेही सांगितलं, कारण अर्ज म्हणजे खेळ नाही हे त्यांना कळायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून दोनदा शिकवली. गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. संविधानातच तसं आहे. म्हणजे नाव फक्त पाच वर्षांतून एकदा उपयोगी पडत नाही. पाण्याच्या टाकीबद्दल, शाळेच्या खोलीबद्दल ग्रामसभेत बोलायचा हक्कही त्याच नावाने मिळतो. शाळेची गळकी खोली सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हे लगेच उतरलं.

२५ जानेवारीचं मतदान ठरल्याप्रमाणे झालं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. निकालाच्या फलकावर मात्र मुलांनी स्वतःहून तीन ओळी वेगळ्या लिहिल्या: एकूण नोंदलेले, मत दिलेले, ऊसतोडीला गेल्यामुळे मत देऊ न शकलेले. तिसरी ओळ मी सुचवलेली नव्हती. नाव राहिलं तरी मत द्यायला गावी यावं लागतं आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी सोय नाही, हे त्यांनी आपणहून ओळखलं. मलाही या प्रश्नाचं उत्तर हवं आहे. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेलं कुटुंब एका दिवसासाठी उसाचा फड सोडून येऊ शकत नाही.

पुढच्या काही दिवसांत माझ्याकडे खरी कामं आली. एका आजीच्या नावाची दुरुस्ती, दोन स्थलांतरं, आणि सातवीतल्या मुलीच्या १७ पूर्ण झालेल्या बहिणीचा आगाऊ अर्ज. जन्माचा आणि पत्त्याचा पुरावा मुलीने स्वतःच आईकडून शोधून आणला होता.

कुणाला आपल्या शाळेत हे करायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा, तेव्हा बहुधा खऱ्या यादीचंही पुनरीक्षण चालू असतं आणि बीएलओ गावात फिरत असतो. त्याला एक तास वर्गात बोलवा. मुलांकडून घरच्यांची ओळखपत्रं किंवा त्यांचे फोटो मागवू नका. आणि वेळ कमी पडला तर प्रचार कापा, भाषणं कापा, पण दावे-हरकतींचे दिवस पूर्ण ठेवा.