पत्रादेवी ते पोळे, बॅटरीवर

ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, घेतल्यापासून मला एकच प्रश्न सगळीकडे ऐकायला मिळतो, "मध्येच चार्जिंग संपलं तर?" आणि विचारणारे बहुतेकजण डिचोलीहून पणजीला नोकरीला जाणारे, म्हणजे दिवसाला जाऊन येऊन साठेक किलोमीटरचे लोक. आपला गोवा उत्तर-दक्षिण सरळ मोजला तर साधारण १०५ किलोमीटर, रस्त्याने वळसे धरून पत्रादेवी (महाराष्ट्राची हद्द) ते पोळे (कर्नाटकची हद्द) एकशे तीस-पस्तीस. मग म्हटलं हे तोंडी सांगत बसण्यापेक्षा आख्खा गोवाच एका चार्जमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत करूया, आई-बाबांनाही काणकोणला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जायचंच होतं. नवऱ्याला ड्युटी होती, त्यामुळे मी, आई आणि बाबा.

आधी गाडीबद्दल थोडं. आमची टाटाची पंच ईव्ही, ३५ किलोवॅट-अवरची बॅटरी, म्हणजे सोप्या भाषेत पोटात ३५ युनिट वीज मावते. कागदावरची रेंज चारशेच्या वर आहे पण तो आकडा लॅबमधल्या टेस्टचा असतो, कुठल्याही कंपनीची ईव्ही घ्या, एसी लावून खऱ्या रस्त्यावर त्याच्या साठ-पासष्ट टक्केच धरायचे. आम्हाला अडीचशे ते पावणेतीनशे मिळतात. घेताना किंमत बघून बाबा जरा थबकले होते, पण ईव्हीवर जीएसटी फक्त ५ टक्के, बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी, आणि घरच्या विजेवर किलोमीटरला रुपयासुद्धा लागत नाही हे सगळं कागदावर मांडल्यावर तयार झाले.

खरा वेळ गेला तो गाडी घेण्यात नाही, अर्थिंगमध्ये! हे कोणी शोरूममध्ये नीट सांगत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. गाडीबरोबर जी केबल मिळते ती १५ अँपिअरच्या सॉकेटला लागते, साधारण ३ किलोवॅट ओढते, म्हणजे दीड टनाचे दोन एसी रात्रभर एकदम चालू ठेवावेत इतकं. आणि अर्थिंग बरोबर नसेल तर गाडी चार्जिंग घेतच नाही, केबलच्या बॉक्सवर लाल दिवा लागतो आणि संपलं. आमच्याकडे जमीन जांभ्या दगडाची, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, जमिनीत ओलच राहात नाही त्यामुळे जुन्या घरांचं अर्थिंग एप्रिल-मे मध्ये हमखास कमजोर होतं. शेवटी इलेक्ट्रिशियनने विहिरीच्या बाजूला नवा खड्डा मारून मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग केलं, मीटरपासून सॉकेटपर्यंत वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). तेव्हापासून काही त्रास नाही. ज्यांना ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचाय त्यांनी वीज खात्याकडे अर्ज करून मंजूर लोड वाढवून घ्यावा, नाहीतर गाडी, एसी आणि गीझर एकत्र लागले की मेन पडणार. पण रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवणाऱ्याला १५ अँपिअर पुरून उरतं, रात्री लावायची सकाळी काढायची.

तर निघालो. डिचोलीहून सकाळी सहाला शंभर टक्क्यांवर, अस्नोड्यावरून कोलवाळ आणि तिथून आधी उलटं वर पत्रादेवीला. बॉर्डरवर जाऊन लगेच मागे फिरायचं असं माझं चाललं होतं पण बाबा म्हणाले आलोय तर हुतात्म्यांना नमस्कार करून जाऊ. १५ ऑगस्ट १९५५ ला इथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, पंजाबातून आलेले कर्नेलसिंग इथेच पडले. आपण या रस्त्यावरून सुसाट जातो, स्मारकापाशी पाच मिनिटं थांबणारे फार कमी, आणि मला ते मनापासून खटकतं.

तिथून हायवे ६६ सरळ खाली. धारगळ, परत कोलवाळचा पूल, म्हापशात पातळ भाजी-पाव आणि बन्स (आईचा उपास होता, तिने नुसता चहा घेतला), मग पर्वरीला ट्रॅफिक. ट्रॅफिकबद्दल एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही ती म्हणजे ईव्हीला ट्रॅफिक जॅम परवडतो. उभ्या गाडीत इंजिन जळत नाही, एसीला जे काही लागेल तेवढंच, आणि ब्रेकच्या जागी गाडी मोटरनेच हळू होते तेव्हा थोडी वीज बॅटरीत परत जाते, यालाच रीजन म्हणतात. रेंज खाणारी गोष्ट म्हणजे स्पीड, पुढे वेर्ण्याच्या पठारावर नव्वद-शंभरने गेलं की टक्के भराभर उतरताना दिसतात, सत्तरला आणलं की सावरतात. अटल सेतूवरून मांडवी ओलांडली, बांबोळी, आगशी, आणि मग झुवारीचा नवा पूल. जुन्या पुलावरच्या रांगा ज्यांनी भोगल्यात त्यांनाच या पुलाची किंमत कळेल.

पलीकडे कुठ्ठाळी लागली तसे बाबा बोलायला लागले. कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी, मंगेशाचं मूळ ठाणं. १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या धाकाने भक्तांनी रातोरात देव उचलला आणि झुवारी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला नेला, केळशीची शांतादुर्गा तशीच कवळ्याला गेली. मी लहानपणापासून मंगेशीला जातेय पण हायवेवर कुठ्ठाळीची पाटी बघून हे कधी मनात आलं नव्हतं. परतीला फोंड्यावरून यायचं आणि दोन्ही देवळं करायची हे तिथेच ठरलं.

मडगावला चार्जिंगची गरज नव्हती, बॅटरी साठच्या आसपास होती. पण बाबांना फास्ट चार्जर बघायचा होता म्हणून ॲपमध्ये शोधून एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये गेलो. चार्जरसमोर पेट्रोलची गाडी लावलेली. वॉचमनने चौकशी केली, मालक सापडला नाही, आम्ही तसेच पुढे. मला याचा खरंच राग येतो. त्या जागी कोणी शेवटच्या दहा टक्क्यांवर आलेला असू शकतो, जमिनीवर हिरवा पट्टा मारलेला असतो, आणि तरी माणसं सावली बघून गाडी लावून जातात. फास्ट चार्जिंगचं बाकी गणित मी कोल्हापूरला जाताना अनुभवलंय: प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, युनिटला वीसच्या आसपास रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, दहावरून ऐंशी टक्क्यांना तासाभराच्या आत होतं पण ऐंशीनंतर गाडी स्वतःच वेग कमी करते त्यामुळे ऐंशीला उठून निघायचं, शंभरसाठी बसणं म्हणजे मागच्याचाही वेळ खाणं.

कुंकळ्ळी, बाळ्ळी आणि मग करमल घाट. इथे मला आख्ख्या प्रवासातली सगळ्यात आवडती गोष्ट घडली. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते, पाळी-वेळग्याच्या बाजूने माल भरून मांडवीच्या जेटीवर बार्जसाठी टाकायचे, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा विकले. आयुष्य डिझेलच्या आवाजावर गेलेला माणूस, ईव्हीत बसला की पहिले काही दिवस "चालू आहे ना?" विचारायचा. करमलच्या उतारावर मी पाय काढला, रीजन वाढवून ठेवलेलं, गाडी ब्रेक न दाबता आपोआप आवरत गेली आणि डॅशबोर्डवर सुई चार्जिंगच्या बाजूला. बाबा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "अगं हे तर भरल्या ट्रकला उतारावर खालच्या गिअरात धरतात तसंच की! फक्त आमची ताकद इंजिनात गरम होऊन वाया जायची, ही परत साठवतेय." मला इतकी वर्षं कोणी इतकं नेमकं समजावलं नव्हतं. करमल लहान घाट, तिथे फार काही दिसत नाही, पण बेळगावला जाताना चोर्ला घाट करा, सपाटीपेक्षा आठ-दहा टक्के जास्त जातात आणि येताना उतारावर कितीतरी किलोमीटर आकडा जवळपास हलतच नाही.

श्रीस्थळला मल्लिकार्जुनाचं दर्शन झालं, आईचा उपास सुटला. मग खोतीगाव अभयारण्यात शिरलो, १९६८ चं, दाट, सोमवारी गर्दी अजिबात नव्हती. हळू चालवली की टायरखालच्या पानांशिवाय काही आवाज नाही, काचा खाली केल्यावर पक्षी ऐकू येत होते आणि एक शेकरू फांदीवरून आमच्याकडे बघत राहिलं, पळालं नाही. जंगलात जाणाऱ्या गाड्या तरी सगळ्या इलेक्ट्रिक कराव्यात असं मला वाटतं. संध्याकाळी तळपण, गालजीबागचे पूल ओलांडून पोळ्याला कर्नाटकच्या चेकनाक्यापर्यंत गेलो, परत फिरलो आणि काणकोणला मुक्कामी. बॅटरी पंचविसाच्या वर.

होमस्टेच्या काकींनी आधी फोनवरच हो म्हटलं होतं पण केबल बघून काळजीत पडल्या, "बाय, बिल खूब येतलें काय कितें?" मी त्यांना हिशोब करून दाखवला, रात्रीत जास्तीत जास्त तीस युनिट, गाडी स्वतः किती घेतली ते दाखवते, त्यात दहा-पंधरा टक्के वाया जाणारी वीज धरून सगळे पैसे सकाळी आमच्याकडून घ्या. नवं बांधकाम असल्याने अर्थिंग चोख होतं, हिरवा दिवा लागला. सकाळी नाश्त्याच्या वेळेपर्यंत शंभर. आता कोणी गाडी घेऊन आलं तर काय विचारायचं ते काकींना माहीत झालंय.

परतीला मडगाव, बोरीचा पूल, फोंडा. कवळ्याला आणि मंगेशीला आरती, प्रसाद, ओळखीची माणसं भेटणं धरून आमचे चार तास सहज गेले आणि गाडी तेवढा वेळ नुसती उभी. तेच चार तास साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावली असती तर बारा युनिट, म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर, डिचोलीला पोचून वर पुन्हा पणजीला जाता येईल इतकं. मला या दोन दिवसांत सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. हायवेवर फास्ट चार्जर पाहिजेतच, पण जिथे माणूस आपसूक तास-दोन तास थांबतो, म्हणजे देऊळ, जत्रेचं पार्किंग, हॉस्पिटल, मार्केट, तिथे महागडं मशीन लागतच नाही, चांगलं अर्थिंग असलेला जाड सॉकेट आणि मीटर पुरे. आणि गोव्यात फ्लॅटमध्ये राहणारे इतके लोक आहेत ज्यांना सोसायटी पार्किंगमध्ये वायर ओढू देत नाही, त्यांना तर ईव्ही घेण्याचा हाच मार्ग उरतो.

घरी पोचलो तेव्हा साठच्या वर टक्के शिल्लक होते. बाबांनी त्याच आठवड्यात आमच्या देवस्थान समितीकडे विषय काढला. पहिला प्रश्न अपेक्षित तोच, बिल देवाने का भरायचं? मी सांगितलं, वेगळा सबमीटर बसवू, जो लावेल त्याने युनिटप्रमाणे पैसे तिथल्या क्यूआरवर भरायचे, आणि सुरुवातीला दोनच सॉकेट, शेडखाली, पावसाचं पाणी लागणार नाही असे. महाजनांच्या (देवस्थानच्या हक्कदार सभासदांच्या) सभेत ठेवतो म्हणाले. तोवर इलेक्ट्रिशियनकडून खर्चाचा अंदाज लिहून आणायचं काम माझ्याकडे आहे.