तुम्ही विचारलंत म्हणून : पहिला हात कोणी टाकायचा?

पर्नेल व्हिटेकर आणि फ्लॉइड मेवेदर हे दोघे अमेरिकन मुष्टियोद्धे आपापल्या ऐन उमेदीत, १३५ पौंडांच्या लाइटवेट गटात समोरासमोर आले असते, तर कोण जिंकले असते? नाशिकच्या सिडकोत संध्याकाळचा सराव संपला की मुले हे विचारतात, अशोक स्तंभाजवळ चहाला भेटणारे जुने खेळाडू विचारतात, आणि मी ‘सांगता येत नाही’ म्हणालो की सर उत्तर टाळतात, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. मी टाळत नाही. उत्तर द्यायला मला जेवढा वेळ लागतो तेवढा कोणी देत नाही, म्हणून एकदाचे लिहून काढतो.

पहिली गोष्ट म्हणजे दोघेही ठोसे चुकवण्यात पटाईत, म्हणून ही लढत कंटाळवाणी झाली असती, असे जे लोक म्हणतात ते मला मान्य नाही. आपल्याकडचा प्रेक्षक तालमीत वाढलेला आहे. कुस्ती निकाली व्हावी, कोणाची तरी पाठ मातीला लागावी, हीच अपेक्षा घेऊन तो मुष्टियुद्धालाही येतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण समोरच्याचा ठोसा चुकवणे म्हणजे लढायला नकार देणे, असे जेव्हा तो म्हणतो तेव्हा मला त्रास होतो. अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोचेच्या हातात फारशी ताकद नव्हती. तरीही १९६८ साली टोकियोत जगज्जेता पॉल फुजी त्याच्यासमोर नऊ फेऱ्या हवेतच हात मारून इतका खचला, की दहाव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठलाच नाही. तोही निकालच होता, आणि जजच्या कागदाची गरजही पडली नाही.

आता मूळ प्रश्न. दोघेही समोरच्याच्या चुकीवर जगणारे असल्यामुळे पहिला हात कोणाला टाकावा लागेल, यावर सगळे अवलंबून आहे. मेवेदरचा डावा खांदा वर, डावा हात पोटावर आडवा आणि उजवा गालाजवळ असतो; उजव्या हाताने मारणाऱ्याचा ठोसा त्या खांद्यावरून घसरतो आणि त्याच क्षणी मेवेदरचा उजवा हात परत येतो. ही सगळी मांडणी उजव्या हाताच्या खेळाडूंसाठी बांधलेली आहे. व्हिटेकर डावखुरा होता. त्याचा सरळ डावा ठोसा दुसऱ्या बाजूने येतो, आणि तिथे अडवायला तो खांदा नसतो. म्हणूनच डावखुऱ्यांसमोर मेवेदर खांद्याचा आधार सोडून स्वतःहून सरळ उजवा हात टाकायचा. २००६ साली झॅब जूडासमोर आणि २०१५ साली पॅक्विआओसमोर त्याने तेच केले.

बरीच वर्षे मी हाच मुद्दा मेवेदरच्या बाजूने वापरला. डावखुऱ्यावर सरळ उजवा हात हे जुने औषध आहे आणि ते त्याच्याइतके नेमके कोणी देत नाही, म्हणून मेवेदर सहज जिंकेल, असे मी छातीठोकपणे सांगत असे. तो हात कोणावर टाकायचा आहे, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरत होतो. व्हिटेकर गुडघ्यांतून आणि कमरेतून इतका खाली बसायचा की ग्लोव्ह डोक्यावरून निघून जायचा, आणि तरीही त्याची नजर समोरच्यावरून हलत नसे. मग मी बाजू बदलली. पण तेही पटून राहिले नाही, कारण जूडाने पहिल्या चार फेऱ्यांत मेवेदरला खरोखर सतावले होते आणि पुढे मेवेदरने ती लढत पूर्णपणे आपल्याकडे वळवली. समोरच्याला वाचून आपला खेळ बदलणे त्याच्याइतके कोणाला जमले? कोणत्याही बाजूने निघालो तरी मी इथे येऊन अडतो, आणि याला कोणी पळवाट म्हटले तर माझा नाइलाज आहे.

शिवाय अशा लढतीचा निकाल जजच देणार. मार्च १९८८ मध्ये पॅरिसजवळ होसे लुईस रामिरेझविरुद्ध व्हिटेकरला विभागून दिलेल्या निकालात, म्हणजे दोन जज विरुद्ध एक अशा कौलाने, हरवले गेले. सप्टेंबर १९९३ मध्ये सॅन अँटोनिओत ८७ विजय मिळवून एकदाही न हरलेला मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ त्याच्यासमोर होता. व्हिटेकरने त्याला दूरवरूनही गोंधळवले आणि अंगाला अंग भिडवूनही, तरी एका जजने ११५-११३ असा कौल व्हिटेकरला दिला, दोघांनी ११५-११५ लिहिले आणि लढत बरोबरीत सुटली. ती बरोबरी हा अन्याय होता, असे मी भेटेल त्याला सांगत आलो आहे.

माझी अडचण इथूनच सुरू होते, कारण मी स्वतःही जज म्हणून बसलेलो आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका सभागृहात कुमारांच्या लढती होत्या आणि रिंगभोवती आम्ही तीन जज होतो. निळ्या कोपऱ्यातला मुलगा डावखुरा, अंगाने बारीक. लाल कोपऱ्यातला त्याच्यापेक्षा भरदार, पण तोही थांबून मारणारा. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे शिकत नव्हता. पहिली फेरी मी निळ्याला दिली, दुसरी लाल्याला. तिसऱ्या फेरीचा पहिला मिनिटभर दोघेही एकमेकांच्या पायांकडे बघत फिरले आणि लोक चिडले. ‘अरे मार ना, मार!’ असा ओरडा सुरू झाला. लाल कोपऱ्यातल्या मुलाने तो ऐकला आणि तो पुढे सरसावला. त्याचे ठोसे निळ्याच्या कोपरांवर, दंडांवर आणि ग्लोव्हजवर बसत होते. बंद सभागृहात दंडावर बसलेल्या ठोशाचा आवाज मोठा घुमतो, आणि प्रत्येक आवाजाबरोबर लोक उसळत होते. निळा मुलगा अर्धे पाऊल बाजूला घ्यायचा आणि जाता जाता उजव्या हाताचा हलका जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा छोटा सरळ ठोसा, समोरच्याच्या कपाळावर ठेवायचा. चार वेळा असेल, पाच वेळा असेल. त्या जॅबला आवाज जवळजवळ नव्हताच.

घंटा झाली. आमच्या पद्धतीत जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण द्यायचे असतात आणि हौशी लढतीत बरोबरी लिहिण्याची मुभा नसते. मी लाल कोपऱ्याला १० लिहिले. उरलेल्या दोघांपैकी एकाने निळ्याला कौल दिला होता, एकाने लाल्याला. म्हणजे निकाल माझ्याच कागदाने ठरला.

लढती संपल्यावर जिन्यापाशी तो मुलगा उभा होता. हाताच्या पट्ट्या अजून सोडलेल्या नव्हत्या. त्याने अतिशय अदबीने विचारले, “सर, एक विचारू? मला त्याचा कुठला ठोसा लागला?” त्याचा चेहरा सकाळी वजनाला आला होता तसाच स्वच्छ होता. मी म्हणालो, “बॉक्सिंगमध्ये पुढे जाऊन मारावं लागतं, बाळा.” तो “हो सर” म्हणाला, वाकून माझ्या पाया पडला आणि गेला.

पुढच्या वर्षी तो दिसला नाही, म्हणून मी त्याच्या प्रशिक्षकांना विचारले. त्यांनी खेळ सोडल्याचे सांगितले. बारावीच्या सुमारास निम्मी मुले सोडतात, घरची कारणे असतात, नोकरीची असतात. सगळा दोष स्वतःकडे घेणे हाही एक प्रकारचा अहंकारच आहे, असे मी स्वतःला बजावतो. लाल कोपऱ्याने पुढाकार घेतला होता आणि पुढाकाराला किंमत असते, हेही खोटे नाही. पण नुसता पुढाकार पुरेसा नसतो, तो लागू पडावा लागतो, हे मीच मुलांना शिकवतो. चावेझ पुढे जात राहिला म्हणून ज्या जजांना तो बरोबरीचा वाटला त्यांना मी वर्षानुवर्षे दोष देत होतो, आणि तीन मिनिटांसाठी तीच खुर्ची मिळाल्यावर मीही डोळ्यांऐवजी कानांनी गुण दिले.

तेव्हापासून मी व्हिटेकरच्या लढती आवाज बंद करून बघतो. मेवेदरच्याही बघतो, विशेषतः एप्रिल २००२ मधली कॅस्टिलोविरुद्धची पहिली लढत, जी तिन्ही जजांनी मेवेदरला दिली आणि जिच्यावरून लोक अजून भांडतात. आवाज नसला की माझा कौल पुष्कळदा बदलतो, आणि बदललेला कौल तरी बरोबर आहे, याची खात्री मला कोण देणार?

तरीही तुम्हाला नाव हवे असेल तर आज मी व्हिटेकर म्हणेन, सात फेऱ्यांना पाच. पहिल्या सहांपैकी चार त्याच्या, कारण त्याचा डावा हात आणि ती खाली बसण्याची तऱ्हा उमगायला मेवेदरलाही वेळ लागेल. मधल्या फेऱ्या मेवेदर फिरवेल आणि शेवटी, आपण मागे आहोत हे जाणवल्यावर, बाराव्या फेरीत पहिला हात तोच टाकेल. तो लागला तर सहा-सहा होतात. गेल्या आठवड्यात मुलांना हे समजावून सांगताना मी तो हात लागलेला धरला होता; आज लिहिताना तो व्हिटेकरच्या डोक्यावरून गेलेला दिसतो आहे.