एरिकची बाजू

लहानपणी शनिवारी सकाळी आम्ही शाळेच्या मैदानात कवायत करत असायचो, आणि अमेरिकेतली पोरं त्याच दिवशी सकाळी घरी लोळत कार्टून बघायची. हे कळलं ते आत्याच्या कॅसेटमुळे. तिनं तिकडच्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ही कार्टून मालिका आमच्या नागपुरातल्या, धरमपेठेतल्या घरी आणली. पण कॅसेट अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीची अन् आपला व्हीसीआर इकडच्या 'पाल' पद्धतीचा. चित्र दिसायचं, रंग गायब. अख्खा उन्हाळा आम्ही त्यातली पाच डोक्यांची ड्रॅगन टियामॅट काळी-पांढरीच पाहिली. कूलरच्या घरघरीत अर्धे संवाद ऐकूच यायचे नाहीत. आले असते तरी इंग्रजी कोणाला कळत होतं बाप्पा!

आता भाचीसोबत ती पुन्हा बघतोय, या वेळी रंगीत. टियामॅटची डोकी लाल, निळी, हिरवी, काळी, पांढरी! त्यासाठी मी भाग थांबवून ठेवला, तर भाची वैतागली.

मालिका सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर 1983 ते 1985 चालली. भाग फक्त 27. करमणूक पार्कातल्या राइडमध्ये बसलेली सहा पोरं थेट जादूच्या दुनियेत जाऊन पडतात, प्रत्येकाला एकेक हत्यार मिळतं आणि घरची वाट काही सापडत नाही. हँकला धनुष्य, शीलाला अदृश्य करणारा झगा, तिच्या धाकट्या भावाला, बॉबीला, सोटा. एरिकला ढाल. हा एरिक सतत कुरकुर करणारा. पोरांना वाट दाखवणारा डंजन मास्टर कोडं घालून नाहीसा झाला की पहिली शंका याचीच, आणि हसंही याचंच होतं.

तिसऱ्या-चौथ्या भागाला भाची म्हणाली, "मामा, तो बरोबर तर बोलून राहिला न? मग सगळे त्याच्यावर काहून हसून राहिले?"

याचं उत्तर मालिकेची आखणी करणारे मार्क इव्हॅनियर यांनीच पुढे लिहून ठेवलंय. मुलांच्या कार्यक्रमातून चांगले संस्कार व्हावेत म्हणून दबाव आणणारे गट तेव्हा जोरात होते. गटाचं तेच खरं, वेगळं बोलणारा चुकीचा, असा त्यांचा धडा. तो शिकवायला एक चुकणारा लागतो, म्हणून एरिक. इव्हॅनियर यांना स्वतःला ते पटलेलं नव्हतं. मलाही हा संस्कार वगैरे वाटत नाही. वर्गात हात वर करणाऱ्या पोराला खाली बसवण्याचाच हा प्रकार.

तरी लेखकांनी कुठे कुठे वचपा काढलाय. एका भागात एरिकला एका दिवसापुरत्या डंजन मास्टरच्या शक्ती मिळतात. बाकीच्यांना घरी जाता यावं म्हणून हा कुरकुऱ्या खलनायक व्हेंगरला अडवायला एकटा मागे थांबतो. भाचीनं तो भाग लगेच पुन्हा लावायला लावला.

शेवटचा भाग, 'रेक्विएम', मायकेल रीव्हज यांनी लिहिला होता, पण मालिका बंद पडली आणि तो बनलाच नाही. संहिता मात्र वाचायला मिळते. त्यात गट फुटतो, आणि हँकच्या विरुद्ध बाजूला एरिक. सध्या रोज जेवण झाल्यावर मी ती भाचीला मराठीत वाचून दाखवतोय. हँक पुणेरी बोलतो, एरिक अस्सल नागपुरी.