तुम्ही विचारलंत म्हणून: "आजी, कंबर नाही का दुखत?"

नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी नातीला स्लिंगने, म्हणजे कापडाच्या झोळीने, पोटाशी बांधून चालते त्याला आता पाच महिने होतील, आणि दर दोन दिवसांनी कोणीतरी थांबवतंच. आधी तिच्याकडे बघून हसायचं, मग माझ्याकडे बघायचं, मग प्रश्न, "आजी, कंबर नाही का हो दुखत?" मी आपली "नाही हो" म्हणून पुढे सटकते, कारण पाय थांबले की ती जागी होते. म्हणून आज ती झोपलीये तोवर लिहून टाकते.

दुखायची ना. पण ती स्लिंग नीट बांधायला शिकण्याआधी. लेक सातपूरला कंपनीत, जावयाची शिफ्ट, म्हणजे सकाळी आठपासून पोर माझ्याकडे, वय माझं 61 आणि पोस्टाच्या काउंटरवर बसून बसून कंबर आधीच कुरकुरणारी. ती पाच महिन्यांची झाली, मान छान धरली आणि मी तिला कडेवर घेऊन सगळं उरकायला लागले, जसं लेकीच्या वेळी केलं होतं. आता कडेवर घेताना आपण काय करतो बघा, एक कुल्ला बाहेर काढतो, पाठ एकीकडे कलते, वरचा खांदा उचलला जातो आणि कायम डावीच बाजू, कारण उजवा हात कुकरला हवा. पंधरा दिवसांत मला मोजे घालता येईनात. फिजिओवाली म्हणाली, काकू पोर जड नाहीये, तुम्ही वाकड्या उभ्या राहताय.

मग लेकीने रिंग स्लिंगचं डोक्यात घातलं. लांब सुती कापड, एका टोकाला दोन कड्या, बास. म्हटलं यासाठी कशाला पैसे घालवायचे, घरात साड्या काय कमी आहेत! जुनी सुती साडी फाडून शिवली आणि हार्डवेअरच्या दुकानातून दोन कड्या आणल्या. नशीब की पोराच्या आधी 5 किलो गव्हाची पिशवी बांधून बघितली. हॉलमधून स्वयंपाकघरात जाईपर्यंत कडीचा जोड उकलला आणि गहू सोफ्याखाली, टीव्हीच्या टेबलाखाली, अजूनही केर काढताना एखादा दाणा निघतो. तर कड्या स्लिंगसाठीच बनवलेल्या, कुठेही जोड नसलेल्या घ्यायच्या, यात काटकसर नाही. नंतर गुपचूप तयार स्लिंग मागवली.

बांधायला मात्र साडी नेसणारीला काही शिकवावं लागत नाही. कडी खांद्याच्या जरा खाली, कापड पाठीवर पसरून घ्यायचं, दोरीसारखं गोळा होऊ द्यायचं नाही, आणि काठ ओढायचे वेगवेगळे, वरचा तिच्या मानेशी, खालचा तिच्या गुडघ्यांमागे. निऱ्या बसवतो तसंच. मला वाटलं झालं, जमलं. पण आठवड्याने पाठ दुखायचीच.

कारण मला कळलं ते बुधवारच्या बाजारात. गोदाघाटावर करटुली घेऊन एक पेठकडची बाई बसली होती, तिचं स्वतःचं पोर पाठीला फडक्यात, डाराडूर झोपलेलं. मी भावात घासाघीस करतेय आणि तिचं लक्ष माझ्या स्लिंगकडे. म्हणाली, "आजी, पोर खाली लोंबलंय, वर घे ना." आणि उठून तिने माझ्या नातीला बुडाखालून उचललं, कडीतून लोंबणारं कापडाचं शेपूट खस्सकन ओढलं, झालं. माझी हनुवटी तिच्या टाळूला लागली. पोटापाशी लोंबणारं ओझं आपल्याला पुढे खेचतं हो, छातीशी घट्ट असलं की ते आपल्याच अंगाचं होतं. मान न वाकवता पापी घेता आली पाहिजे, एवढं माप पुरे. भाव तिने एक रुपया कमी केला नाही ते वेगळं.

एका खांद्यावर भार येतो म्हणून मी तासाभराने बाजू बदलते. तास-दोन तास चालायचं असेल तर लेकीचं बकलवालं कॅरियर, त्यात दोन्ही खांदे आणि कमरेचा पट्टा भार वाटून घेतात.

कंबरेनंतरचा प्रश्न म्हणजे "पाय फेंगडे होतील ना?" अहो उलट! आमची आई बाळाचे पाय सरळ धरून दुपट्यात करकचून बांधायची, पाय सरळ व्हावेत म्हणून, आणि खुब्याच्या सांध्याला नेमकं तेच वाईट. जपानमध्ये 1975 च्या सुमारास आयांना सांगायला सुरुवात केली की बाळाचे पाय असे ताणून बांधू नका, आणि खुबा निखळण्याचं प्रमाण तिथे एकदम खाली आलं. मांड्या फाकलेल्या, बुडापेक्षा गुडघे वर, म्हणजे कडेवर बसतात तसंच, ही बैठक चांगली.

काळजी करायचीच तर नाकाची करा. तान्ह्याची हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो, आणि ते रडतही नाही, म्हणून भीती. पिशवीसारख्या खोलगट स्लिंग असतात, त्यात बाळ मुटकुळं होऊन आत जातं. अमेरिकेत त्यात बाळं दगावली, तेव्हा 2010 मध्ये तिथल्या सरकारी खात्याने 4 महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी इशारा दिला होता. चेहरा कायम दिसला पाहिजे, वरून ओढणी टाकायची नाही, ऊन असलं तरी. उन्हाला छत्री आहे ना.

आणि ऍक्टिव्हावर नको. कॉलेज रोडला रोज बघते, आई गाडी चालवतेय, पोर कॅरियरमध्ये छातीवर. 2023 पासून लागू झालेल्या नियमात चार वर्षांखालच्या मुलाला सेफ्टी हार्नेस (पोराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा), नऊ महिन्यांपुढे हेल्मेट आणि वेग 40 च्या आत असं आहे. स्लिंग म्हणजे तो हार्नेस नव्हे. गॅसपाशीही मी बांधून जात नाही, फोडणी उडते.

रडण्याचं विचाराल तर, मॉन्ट्रियलच्या 1986 मधल्या एका अभ्यासात बघितलं होतं, रोज एरवीपेक्षा जास्त वेळ अंगावर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात 43 टक्के कमी रडली. आमची टक्क्यांत नाही मोजली, पण संध्याकाळची किरकिर गेली हे खरं.

आता अकरा महिन्यांची झालीये, खाली सोड म्हणून लाथा मारते, तेव्हा ही स्लिंग फार दिवस लागेल असं दिसत नाही. कोणाला बांधून बघायची असेल तर शनिवारी सहानंतर मी घरीच असते. येताना सरावाला पाचेक किलोचं काहीतरी आणा, फक्त गहू नको.