समुद्र नाही, मग बोट कशाला?

गणपतीच्या आरतीला आमच्याकडे वीसेक माणसं जमतात आणि त्यातली निदान चार जण मला बोटीबद्दल छेडतात. यंदा शेजारच्या काकूंनी प्रसादाची वाटी घेता घेताच विचारलं, "अहो, बडोद्यात समुद्र कुठाय? विश्वामित्रीत सोडणार की काय, मगरींना फिरवायला?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा बैजवार सांगतो. समुद्र नाही, म्हणूनच तर ही बोट घेतली.

ती जेट बोट आहे. जेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विमान येतं, पण खरं तर तो एक पंप आहे. बोटीच्या तळाला जाळी, जाळीतून पाणी आत, इंपेलर (आतलं पात्यांचं फिरतं चाक) ते दाबतो आणि मागच्या नोझलमधून जोरात बाहेर फेकतो. पाणी मागे, बोट पुढे. तळाखाली लोंबणारा पंखा नाही, सुकाणू नाही. हे यंत्र सध्याच्या रूपाला आणलं न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी, 1950 च्या दशकात. आणि हा गृहस्थ राहायचा कुठे? समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, आतल्या डोंगराळ मुलखात, मेंढ्यांच्या कुरणावर. तिथल्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. साध्या बोटीचा पंखा तिथे पहिल्याच वळणाला तुटायचा. म्हणजे ही बोट जन्मली तीच नदीसाठी.

माझ्या डोक्यात ती शिरली 1977 साली. मी नऊ वर्षांचा होतो. एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन बंगालच्या उपसागरातून गंगेवर चढत निघाले होते. एक 'गंगा', एक 'किवी', एक 'एअर इंडिया'. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवलं. वडील रोज संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर पेपर उघडून आज ते कुठवर पोचले ते वाचून दाखवायचे. नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढायचं काम माझं.

पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, 2021 मध्ये, अलंगच्या रस्त्यावर ती मला दिसली. मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल मांडलेलं असतं. मी गेलो होतो स्वयंपाकघरासाठी स्टीलचं टेबल घ्यायला. टेबल राहिलं. (ही अजून त्याची आठवण काढते.) पंधरा फुटी फायबरची बोट, पाटीवर 1979, इंजिन गायब, पण जेट युनिट जागेवर. पाटीवर नुसत्या सांगाड्याचं वजन लिहिलेलं होतं. घरी आणताना काट्यावर चढवली तर जेट युनिटचं वजन वगळूनही त्याहून दीडशे किलो जास्त भरली. तेव्हाच पोटात गोळा आला. हे वजन पाण्याचं होतं.

तळाची फळी कापल्यावर आतला फोम पिळला की पाणी गळायचं. तळाला लांबीने आधार देणाऱ्या पट्ट्या आतून लाकडी, वरून फायबर. लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं झालेलं. फायबरची बोट कुजत नाही असं म्हणतात ना, ते अर्धंच खरं. फायबर कुजत नाही, त्याच्या आतलं लाकूड कुजतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने टकटक करत गेलं की कळतं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द.

आता बडोद्यात बोट दुरुस्त करणारा कुठून आणायचा? सहा महिने शोधला. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. मी आयुष्यभर नंदेसरीकडच्या केमिकल कारखान्यांत मेंटेनन्स केलं. तिथल्या आम्लाच्या टाक्या कशाच्या? एफआरपीच्या. म्हणजे हेच फायबर, हेच रेझिन (घट्ट होणारी राळ), हीच मॅट (काचतंतूंची चटई). टाकीत आम्ल आत ठेवायचं, बोटीत पाणी बाहेर ठेवायचं, एवढाच फरक. मकरपुऱ्याच्या टाकीवाल्या कारागिराला बोट दाखवली, तर त्याने एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, ही तर उघडी टाकी."

त्याच्याकडून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात इतकं पटलं नसतं. चीर पडलेली जागा नुसती भरून चालत नाही. लॅमिनेट (थरावर थर चढवून जमलेलं फायबर) जितकं जाड, त्याच्या बारा पट रुंद उतार घासून काढायचा, मग मॅटचे थर लहानापासून मोठ्यापर्यंत चढवायचे. रोलर फिरवून हवेचा एकूण एक बुडबुडा बाहेर. मे महिन्यात बोट नुसती वाळवायची, कारण बेचाळीस डिग्रीत रेझिन डब्यातच जमून धुरायला लागतं. एकदा माझ्या हातातली बादली अशीच धुमसली. पावसाळ्यात दमट हवेने थर दुधाळ होतात. म्हणजे हाती राहतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रेझिन घट्ट करणारी दोन रसायनं, कोबाल्ट आणि हार्डनर, तो दोन वेगळ्या कपाटांत ठेवायचा, वेगळ्या चाव्यांनी. आधी एक रेझिनमध्ये मिसळायचं, मग दुसरं. थेट एकमेकांत पडले तर स्फोट होतो. अंगाला खाज मात्र सगळ्या ऋतूंत.

जेट युनिट गेलं पंपवाल्या भाईंकडे. उघडून बघताच ते खूश झाले. त्यांना अनोळखी काहीच नव्हतं: इंपेलर, वेअर रिंग (इंपेलरभोवतीचं कडं), बेअरिंग, ग्लँड डोरी (शाफ्टजवळ पाणी अडवणारी). वाळूने रिंग खाल्ली होती, एका बाजूला दोन मिलिमीटर फट. एवढ्या फटीतून दाबलेलं पाणी आतल्या आत मागे फिरतं, इंजिन नुसतं ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. स्टेनलेसची नवी रिंग लेथवर काढली, फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली.

इंजिन जुन्या काँटेसा गाडीचं बसवलं, 1.8 लिटरचं इसुझू. जुन्या बोटीला जुनं इंजिन, हा माझा हट्ट. मुलगा म्हणत होता, नवं घ्या. भाईंनी भांडण मिटवलं: इंपेलरला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेऱ्या दहा टक्के कमी केल्या तर सत्तावीस टक्के ताकद कमी लागते. थोडं अशक्त इंजिन बसवलं तर काही मोडत नाही, ते थोडं आधी दमतं इतकंच. पण गाडीचं इंजिन जसंच्या तसं बोटीत टाकू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. गाडीत पेट्रोलची वाफ वाऱ्याने उडून जाते, बोटीत ती तळाशी साचते. म्हणून स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न येणारे हवेत, आणि चावी फिरवण्याआधी चार मिनिटं ती वाफ बाहेर काढणारा ब्लोअर. इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पाण्याचं जॅकेट. यात कंजुषी नाही.

18 जानेवारी 2024 ला बडोद्यातल्याच हरणीच्या तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर दोन महिने मी शेडकडे फिरकलो नाही. परत गेलो तेव्हा तळाखाली भरायचा ठरवलेला फोम काठाजवळ, दोन्ही बाजूंना उंच भरून घेतला. फोम तळाशी असला तर पाण्याने भरलेली बोट तरंगते खरी, पण उलटी होऊन. काठाला असला तर सरळ राहते. बसायच्या जागा सहाच्या चार केल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला आणि फोनवर फोन. "आता काढा की बोट!" बोट मकरपुऱ्यात घोडीवर, नोझल टेबलावर, इंजिन खोललेलं. आणि तयार असती तरी उपयोग नव्हता. पुराच्या पाण्यातल्या पिशव्या आणि कपडे यांनी जाळी पन्नास फुटांत तुंबली असती.

नोंदणी, तपासणी आणि परवानगीचे महिने सोडून देतो, वाचायला कंटाळवाणे आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये चांदोदला नर्मदेत उतरवली. आमच्या घरातल्या अस्थी पिढ्यान्‌पिढ्या याच घाटावर आल्या आहेत, त्यामुळे ही जरा बिचकली होती. इंजिन एका चावीत लागलं. दहा मिनिटं बोट अशी पळाली की मुलगा इंजिनाचं भांडण विसरला. गुडघाभर पाणी, खाली वाळू स्वच्छ दिसतेय, आणि आम्ही वरून सुळकन्‌.

मग घाटाकडे वळताना मी सवयीने थ्रॉटल सोडला. जेट बोटीत हे कधी करू नये. सुकाणू नसतं, फेकलेलं पाणीच तिला वळवतं. पाणी थांबलं की चाक कितीही फिरवा, ती आपली सरळ. घाबरून पुन्हा थ्रॉटल दिला तर इंजिन ओरडलं आणि बोट ढिम्म. जाळीत काहीतरी अडकलं होतं. जाळीवरचं झाकण उघडून हात घालता येतो, पण आम्ही तिघंही मागे वाकलेलो, त्यात काँटेसाचं इंजिन जड, त्यामुळे झाकणाचं तोंड पाण्याखाली गेलेलं. उघडताच नर्मदा आत. मुलाला आणि भाईंना पुढच्या टोकावर पिटाळलं, शेपूट वर आलं, तेव्हा कुठे हात घातला. शाफ्टला गच्च गुंडाळलेली लाल चुनरी. कुणीतरी मैयाला वाहिलेली.

ती काही सुटेना. शेवटी एका म्हाताऱ्या नावाड्याने दोर टाकला आणि आपल्या लाकडी होडीमागे आम्हाला ओढत घाटावर आणलं. वाटेत त्याने विचारलं, ही किती पाण्यात चालते? मी म्हटलं, वीतभर. त्याने बांबू तळाला टेकवून खोली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सभ्यपणाने पुढे काही विचारलं नाही.

झाकणाची मान आता सहा इंच उंच करून घेतली आहे. चुनरी हिने धुऊन देवघरात ठेवली आहे.