पालघरचा आकडा आला कुठून?

2011च्या जनगणनेत पालघर जिल्हा नाही. असणार कसा? ठाण्यातून तो वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. त्यामुळे आमच्या जिल्ह्याचा म्हणून त्या जनगणनेतला जो आकडा सांगितला जातो, तो कुणीतरी बेरीज करून काढलेला असतो. 29,90,116 ही लोकसंख्यासुद्धा बेरीजच: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा. जुन्या ठाण्याच्या 1,10,60,148 मधून हे आठ तालुके वजा केले की उरतं ते आजचं ठाणे.

ही बेरीज कुणालाही पडताळता यावी म्हणून मी तालुक्यांचे तक्ते करून सगळ्यांसाठी खुले ठेवते. जनगणनेचे मूळ तक्ते एक्सेलमध्ये मिळतात, ही मोठी सोय आहे. पुढची आकडेमोड मी 'आर' या संगणकभाषेत करते आणि नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे आतला कोड सगळ्यांसाठी खुला असलेली. जव्हारच्या कॉलेजातल्या मुलीला ती वापरायला पैसे मोजावे लागत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की आकडा कसा काढला हेही मला तिच्या हातात देता येतं आणि ती स्वतः तो पुन्हा काढून बघू शकते.

साक्षरतेचा दर घ्या. जनगणना तो सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी काढते. म्हणजे एकूण लोकसंख्येतून 0 ते 6 वयाची मुलं आधी वजा करायची, मग उरलेल्या संख्येनं साक्षरांना भागायचं. सरसकट एकूण लोकसंख्येनं भागलं तर दर खाली येतो, आणि जिथे लहान मुलांचं प्रमाण जास्त तिथे तो आणखी घसरतो. मग मोखाडा-जव्हारसारखे तालुके आहेत त्याहून मागे दिसतात. छापील तक्त्यावरून हे कुणाच्या लक्षात येणार? स्क्रिप्ट, म्हणजे 'आर'ला दिलेल्या सूचनांची यादी, समोर असली की भाजक काय घेतलाय ते एका ओळीत कळतं, आणि चुकलं असेल तर कुणीही बोट ठेवू शकतं.

बारीकसारीक गोष्टीही छळतात. तालुक्यांचे संकेतांक शून्यानं सुरू होतात. फाइल दुसऱ्या नमुन्यात नेताना ते शून्य गळालं, की नकाशातला तालुका आणि तक्त्यातला तालुका जुळतच नाहीत.

केंद्र सरकारचं खुल्या माहितीचं पोर्टल 2012 मध्ये आलं, तेही ड्रुपल या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर. ब्रिटनचं सीकॅन या तशाच सॉफ्टवेअरवर चालतं. पण पोर्टल खुलं असून आत स्कॅन केलेली पीडीएफ असेल, तर वाचकाच्या हाती फक्त चित्र लागतं. पीडीएफमध्ये खरा मजकूर असेल तर टॅब्युला या सॉफ्टवेअरनं तक्ता बाहेर काढता येतो. स्कॅनपुढे टॅब्युला हात टेकतं. मजकूर जुन्या मराठी फॉन्टमधला असेल, तर आकडे नीट येतात आणि गावांची नावं मात्र अगम्य चिन्हं होऊन उतरतात. युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसेल अशी, साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला तक्ता) सोबत द्यावी, एवढंच माझं मागणं आहे.

आणि ती तालुकावार हवी. वसई तालुक्यात 13 लाखांहून जास्त माणसं, मोखाड्यात 1 लाखसुद्धा नाहीत. जिल्ह्याची सरासरी काढली की ती वसईचीच गोष्ट सांगते. शाळा, पाणी, बाळंतपण, कशाचंही नियोजन त्या सरासरीवर केलं तर मोखाडा त्यात कुठेच नसतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्या तक्त्यांत पालघरला स्वतःचा संकेतांक असेल. 2011शी तुलना करायला मात्र या आठ तालुक्यांची बेरीज लागेलच, म्हणून स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीशेजारी मी आता मराठीत खुलासा लिहायला घेतलाय. वाड्यापर्यंतचं झालंय.